पंचविशी-तिशीतल्या कॅथलिकांसाठी नवा गट: कोणती वाट धरावी?

दृढीकरणाचा संस्कार झाल्यावर मुलेमुली धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) युवा गटात येतात आणि लग्नानंतर जोडप्यांच्या उपक्रमांत त्यांची नावे पुन्हा दिसू लागतात. मधली दहा-बारा वर्षे मात्र बहुतेक धर्मग्रामांत रिकामीच जातात. वसई परिसरातील ज्या तरुणतरुणींचा दिवस विरार–चर्चगेट लोकलमध्ये सुरू होऊन लोकलमध्येच संपतो, त्यांना रविवारच्या मिस्सेनंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) थांबून बोलावे असे कोणी उरत नाही, कारण सोबतचे नोकरीनिमित्त पांगलेले असतात आणि युवा गटातली आजची मुले त्यांच्याहून बरीच लहान असतात. या वयोगटासाठी मैत्री आणि श्रद्धा दोन्ही जोपासणारा गट काढायचा म्हटले की वाटा अनेक दिसतात. त्यातली कोणती धरावी, हे ठरवू पाहणाऱ्यांसाठी हा आढावा आहे.

ऑक्टोबर 2018 मध्ये रोममध्ये तरुणांविषयी बिशपांची सिनड (धर्मसभा) भरली आणि त्यानंतर 2019 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ‘ख्रिस्तुस व्हिव्हित’ हे पत्र लिहिले. त्यात युवाकार्याची दोन अंगे सांगितली आहेत: दूर असलेल्यांना शोधून बोलावणे आणि आलेल्यांची श्रद्धेत वाढ घडवणे. ही दोन अंगे म्हणजे तुलनेची चांगली कसोटी आहे, कारण पुढील प्रत्येक वाट एका अंगाने भक्कम आणि दुसऱ्या अंगाने काहीशी उणी आहे.

सर्वांत सोपी वाट म्हणजे असलेल्या युवा गटातच मोठ्यांचा विभाग उघडणे. जागा आणि धर्मगुरूंचा पाठिंबा आयता मिळतो, वेगळी परवानगी लागत नाही. परंतु नाताळचा गोठा, क्रीडास्पर्धा आणि सणांची तयारी यांतच मोठ्यांचे हात गुंततात, ते लहानांचे व्यवस्थापक होतात आणि त्यांच्या स्वतःच्या प्रश्नांना वेळ उरत नाही. माझ्या मते ही वाट फक्त अगदी छोट्या धर्मग्रामाला सोयीची आहे.

दुसरी वाट स्थिरावलेल्या चळवळीची शाखा काढण्याची आहे आणि आपल्याकडे त्याचे ठळक उदाहरण म्हणजे जीझस यूथ. केरळमध्ये 1985 च्या युवा संमेलनातून पुढे आलेल्या या चळवळीला 2016 मध्ये व्हॅटिकनची मान्यता मिळाली. वैयक्तिक प्रार्थना, देवशब्द, संस्कार, सहवास, सुवार्ताप्रसार आणि गरिबांना प्राधान्य हे सहा आधारस्तंभ ठरलेले असल्याने नवख्या संयोजकाला कार्यक्रम शून्यातून रचावा लागत नाही. नोकरीसाठी दुबईला किंवा बंगळुरूला गेलेल्या सदस्याला तिथेही ओळखीच्या वळणाचा गट सापडू शकतो, ही बाब स्थलांतर करणाऱ्या पिढीसाठी मोलाची आहे. मात्र उत्स्फूर्त प्रार्थना आणि हात उंचावून केलेली स्तुती सर्वांच्या स्वभावाला मानवत नाही, आणि वर्षानुवर्षे मिस्सेपासून दुरावलेल्या तरुणाला पहिल्याच संध्याकाळी तिथे परके वाटू शकते. ही वाट निवडल्यास गाणी आणि प्रार्थना मराठीत ठेवण्याचा आग्रह आरंभापासून धरावा. नाहीतर गावातल्या सामवेदी आणि वाडवळ समाजांतली मुले एका बाजूला आणि मुंबईहून इमारतींत राहायला आलेली इंग्रजी बोलणारी मुले दुसऱ्या बाजूला, अशी फाळणी हळूहळू पडत जाते.

तिसरी वाट सेवेची आहे. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी आज अनेक ठिकाणी ज्येष्ठांची संस्था वाटत असली, तरी तिचा जन्म विद्यार्थ्यांच्या हातून झाला. फ्रेडरिक ओझानाम वीस वर्षांचे असताना, 1833 मध्ये, पॅरिसमध्ये त्यांनी मित्रांसह पहिली बैठक घेतली. तुमची श्रद्धा आज गरिबांसाठी काय करते, असे चर्चेत विचारले गेले होते आणि कृती हेच त्यांनी दिलेले उत्तर होते. दोघादोघांनी गरजूंच्या घरी जाणे ही तिथली मूळ रीत आहे. ज्या आजीबाईंची मुले आखातात आहेत, त्यांच्या ओटीवर बसून विजेचे बिल वाचून दाखवणे, कोणती गोळी सकाळची आणि कोणती रात्रीची हे पाकिटांवर ठळक लिहून देणे आणि निघताना त्यांच्यासोबत जपमाळेचे एक दशक (दहा मण्यांची प्रार्थना) म्हणणे, एवढ्याने दोन अनोळखी सदस्यांची मैत्री जितकी घट्ट होते तितकी सहलीने होत नाही. दुरावलेला तरुणही अशा कामाला संकोच न करता येतो. उणीव एवढीच की कामाचा व्याप वाढला की प्रार्थना आणि मनमोकळे बोलणे मागे पडते.

चौथी वाट मला सर्वांत जवळची वाटते. बेल्जियमचे धर्मगुरू जोसेफ कार्डाइन यांनी तरुण कामगारांसाठी 1925 मध्ये चळवळ उभी केली आणि ‘पाहा, पारखा, कृती करा’ ही पद्धत रूढ केली. पोप तेविसावे जॉन यांनी 1961 च्या ‘मातेर एत मॅजिस्त्रा’ या पत्रात तिची शिफारस केली. समजा, मॉलमध्ये काम करणाऱ्या एका सदस्याला दर रविवारी कामाची पाळी असल्याने मिस्सा चुकते आणि त्याविषयी बोलावे तर कंत्राट जाण्याची भीती आहे. गट आधी नेमकी परिस्थिती समजून घेतो, मग बायबलमधला द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला वाचतो आणि शेवटी ठरवतो: शनिवारी संध्याकाळची मिस्सा कुठे आहे ते शोधून दोघांनी त्याच्यासोबत जायचे, आणि कामगार कायदा जाणणाऱ्या एखाद्या वकिलाला पुढच्या बैठकीस बोलवायचे. इथे श्रद्धा आणि नोकरी एकाच संभाषणात येतात. या पद्धतीला आठ ते बारा माणसे, एक बायबल आणि कोणाच्या तरी घराची बैठकीची खोली पुरते. तिचे ओझे मात्र संयोजकावर पडते. त्याला ऐकता आले नाही, तर बैठकीचे व्याख्यान होते किंवा नुसत्या तक्रारी होतात.

व्याख्यानांच्या संध्याकाळी ही पाचवी शक्यता आहे. शिकागोच्या आर्चडायोसिसमध्ये (महाधर्मप्रांतात) 1981 पासून अशा उपक्रमाने, खाण्यापिण्याच्या ठिकाणी वक्ता बोलावून, पुष्कळ तरुण जमवले. नवी माणसे आणण्यासाठी ही चांगली रीत आहे, परंतु ऐकून घरी जाणाऱ्यांचा गट बनत नाही. जोमदार आध्यात्मिक अनुभवानंतर केवळ सिद्धान्ताच्या आणि नीतीच्या भाषणांची मालिका दिली, की तरुणांचा उत्साह मावळतो, असे पोप फ्रान्सिस यांनीही त्याच पत्रात बजावले आहे.

म्हणून माझा सल्ला असा: मोजकेच जण असाल, तर चौथी वाट धरा आणि महिन्यातून एकदा व्हिन्सेंट डी पॉलच्या रीतीने गृहभेटी जोडा. तुमच्यापैकी निम्म्यांना नियमित प्रार्थनेची ओढ असेल आणि जवळपास जीझस यूथचा गट असेल, तर आधी त्यांच्याकडे काही आठवडे जाऊन पाहा. अनुभवी संयोजक नसेल, तर सेवेपासून आरंभ करा, कारण तिथे काम स्वतःच दिशा देते.

कोणतीही वाट घेतली तरी काही बाबी आधी ठरवाव्यात. धर्मसंहितेचे, म्हणजे चर्चच्या कायद्याचे, कलम 215 श्रद्धावंतांना संघटना स्थापण्याचे स्वातंत्र्य देते, तर कलम 300 नुसार अधिकृत संमतीशिवाय संघटनेच्या नावात ‘कॅथलिक’ शब्द वापरता येत नाही. तेव्हा नाव छापण्यापूर्वी प्रमुख धर्मगुरूंशी बोलावे. त्यांचा आशीर्वाद आणि मार्गदर्शन हवेच, पण बैठकीची सूत्रे तरुणांकडेच असावीत, कारण धर्मगुरूंची बदली होते आणि एकाच फादरांच्या उत्साहावर उभा राहिलेला गट त्यांच्यामागे विस्कटतो. वेळ रविवारी संध्याकाळची ठेवावी आणि मुलींच्या परतीच्या सोबतीची व्यवस्था बैठकीआधीच ठरलेली असावी. सोबत खाणे हवेच; घरटी एक पदार्थ आणला तर वर्गणी काढावी लागत नाही. संयोजक दरवर्षी बदलावा आणि पुढचा संयोजक सहा महिने आधीपासून सोबत काम करत असावा. सदस्यांपैकी कोणाचे लग्न ठरले, तर त्याला किंवा तिला निरोप द्यायचा की जोडीदारासह ठेवायचे, हेही आरंभीच ठरवून टाकावे. माझे मत ठेवण्याच्या बाजूने आहे.