वेल्ह्याच्या चिखलात तीन गाड्या: थार, जिमनी, गुरखा

फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ओढ देता येणारी गाडी, घ्यायची म्हटलं की लोक आधी इंजिनाची ताकद विचारतात. आमच्या पुणे जिल्ह्यातल्या वेल्हे-केळद पट्ट्यात पावसाळ्यात ताकदीवाचून काही अडत नाही. अडतं ते गाडीच्या रुंदीवर, वजनावर आणि एक चाक अधांतरी झाल्यावर बाकीची तीन काय करतात यावर. जिमनी माझी आहे, थार माझ्या धाकट्या दिरांची आणि पाच दारांची गुरखा शेजारच्या तात्यांची. तिन्ही मी चालवते आणि तिन्ही एकाच पाणंदीतून ये-जा करतात, म्हणून या तुलनेवर माझा भरवसा आहे.

पाणंदीला दोन्ही अंगांनी दगडी बांध, मधे ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोऱ्या, आणि त्यांच्यामधला उंचवटा गवताने झाकलेला. लावणी सुरू झाली की तांबड्या मातीचा नुसता रेंदा होतो. जिमनीची रुंदी १६४५ मिलिमीटर, थारची १८२०, गुरखाची १८६५. ऐकायला फरक वीतभराचा, पण तेवढ्या जागेमुळेच जिमनी एक चाक उंचवट्यावर आणि दुसरं बांधाच्या कडेला घेऊन चाकोरी टाळून जाते. बाकीच्या दोघींना आरसे मिटून, चाकोरीतूनच जावं लागतं. वजनाचंही तसंच. जिमनी साधारण १२०० किलोची, थार पावणेदोन टनांच्या आसपास आणि गुरखा दोन टनांच्या पुढे. रेंद्यात हलकी गाडी वरच्यावर राहते, जड गाडी तळातली घट्ट जमीन शोधत खाली जाते.

खरी परीक्षा ओढ्यापाशी. तिथे वाट बांधावरून तिरकी उतरते, म्हणजे एका कोपऱ्यातलं चाक वर आणि दुसऱ्या कोपऱ्यातलं खड्ड्यात. जिमनीला पुढे-मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा एकसंध आस आहे, त्यामुळे एक चाक वर गेलं की त्याच्या जोडीचं तितकंच खाली दाबलं जातं. खिडकीतून मान काढून पाहिलं तर पुढचं एक चाक मडगार्डमध्ये शिरलेलं आणि दुसरं मातीत पकड घेत असलेलं दिसतं. तरी एखादं चाक हवेत गेलंच तर ते क्षणभर नुसतं फिरतं, मग गाडी आपोआप त्याच चाकाला ब्रेक लावते, खालून टर्र टर्र असा आवाज येतो आणि ओढ जमिनीवरच्या चाकाला मिळते. या क्षणी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा नाही. पाय काढणाऱ्याला वाटतं गाडीत दम नाही, आणि अशाच अर्धवट अनुभवावरून जिमनीची फार बदनामी झाली आहे.

थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, म्हणजे पुढचं प्रत्येक चाक आपापलं वर-खाली होतं. चेलाडी फाट्यावरून घरी येताना डांबरी रस्त्यावर त्याचं सुख कळतं. तिरक्या उतारावर मात्र तिचं पुढचं चाक लवकर उचललं जातं. तिथे दिरांच्या डिझेल थारला मागचं मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल तारून नेतं. डिफरन्शियल म्हणजे ॲक्सलवरच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गीअरची जोडणी; ती लॉक झाली की दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात. मागच्या दोन चाकांच्या वेगात ठरावीक फरक पडला की ते आपोआप लॉक होतं, बटण दाबायला लागत नाही. खट्ट होतं आणि गाडी पुढे सरकते. पण हे लॉकर प्रत्येक थारमध्ये येत नाही. बुकिंग करताना ‘फोर-बाय-फोर आहे ना?’ एवढंच विचारून थांबू नका, लॉकर कोणत्या व्हेरियंटमध्ये आहे ते लेखी घ्या. माझ्या मते महिंद्राने प्रत्येक फोर-बाय-फोर थारला ते द्यायलाच हवं.

गुरखाचा हिशेब वेगळा. पुढचं आणि मागचं, दोन्ही डिफरन्शियल चालकाने स्वतः लॉक करायची, त्यासाठी सीटांच्या मधे दोन छोट्या तरफा आहेत. तात्या उतार लागायच्या आधीच मागची ओढून ठेवतात. पुढचीला सहसा हात लावत नाहीत, कारण पुढचं लॉक असलं की स्टिअरिंग जड होतं आणि गाडी वळायचं नाव घेत नाही. चाक फिरू लागल्यावर सावरण्यापेक्षा आधीच लॉक करणं केव्हाही चांगलं, म्हणून नुसत्या चिखलावर गुण द्यायचे तर माझा पहिला नंबर गुरखाला. २०२४ पासून तिला २.६ लिटरचं १४० हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन मिळालं आणि चढावरचं जुनं रडगाणं संपलं. पाच दारांच्या गाडीत सात माणसं बसतात. भाताची पोती, खताच्या गोण्या, लग्नाचं वऱ्हाड, काहीही भरा. जिमनीचं १३४ न्यूटन-मीटर ओढीचं पेट्रोल इंजिन एवढ्या ओझ्याला पुरणार नाही. तिच्यात माणसं चार आणि सामानाला २०८ लिटर जागा, इतकंच.

कंपनीच्या आकड्यांनुसार थार ६५० मिलिमीटर आणि गुरखा ७०० मिलिमीटर पाण्यातून जाते, गुरखाला स्नॉर्केलही, म्हणजे इंजिनासाठी उंचावरून हवा घेणारी नळीही, कंपनीचीच. हे आकडे वाहत्या पाण्याचे समजू नका. फरशी पुलावरून गढूळ पाणी जोरात वाहत असेल तर तिन्हींपैकी कोणतीही गाडी घालू नका, थांबा किंवा मागे फिरा. हलकी म्हणून जिमनी तर सगळ्यात आधी ढकलली जाईल. आणि सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठारांवर, गाड्या चढवू नका, ही माझी कळकळीची विनंती. कातळावरच्या बोटभर मातीत पावसाळी फुलांचं सगळं जगणं असतं, तिथे उठलेली चाकोरी बुजत नाही.

घरात वयस्कर माणसं असतील तर तीन दारांची थार घेण्याआधी त्यांना एकदा मागे बसवून बघा. पुढची सीट वाकवून आत शिरणं सासूबाईंना जमत नाही, त्या जिमनीतच बसतात. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या पाच दारांच्या थार रॉक्समध्ये ही अडचण उरली नाही, पण ती १८७० मिलिमीटर रुंद आणि जवळपास साडेचार मीटर लांब. आमच्या पाणंदीला ती मोठी पडेल.

घरापर्यंत अरुंद वाट आणि माणसं मोजकी असतील तर जिमनी घ्या. ओझं आणि माणसं जास्त असतील तर गुरखा, पण आधी सर्व्हिस सेंटर किती लांब आहे ते बघा. रोज पुण्याला ये-जा आणि शनिवार-रविवार गाव, असं असेल तर लॉकरवाली डिझेल थार. कोणतीही घेतलीत तरी कंपनीच्या टायरवर पहिला पावसाळा काढू नका, चिखलाचे नाहीतर निदान ऑल-टेरेन टायर चढवा. तिन्हींची फोर-व्हील यंत्रणा पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना सरळ जखडते, त्यामुळे कोरड्या डांबरावर वळताना चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरता येत नाही आणि सगळा ताण गीअरवर येतो. पाणंद संपून डांबर लागलं की लगेच टू-व्हीलवर या.