खाडीकाठच्या पोरांचं त्रैमासिक: पावसाळ्यापासून वाचतोय, म्हणून लिहितो

ऐरोलीतली काही कॉलेजची मुलंमुली पदरमोड करून एक त्रैमासिक काढतात. निम्मी पानं पर्यावरणाच्या लढ्यांची, निम्मी इथल्या संस्कृतीची. (जाहिरात नको, असं त्यांचंच म्हणणं, म्हणून नाव देत नाही.) गेल्या पावसाळ्यापासून अंक घरी येतोय. मी वाचतो, दहावीतली भाचीही वाचते.

जमलंय ते संस्कृतीच्या पानांत. कोळीवाड्यातल्या एका आजीने निवट्या (खाडीच्या चिखलात बिळं करून राहणारे छोटे मासे) कशा धरायच्या ते सांगितलंय आणि पोरांनी ते शुद्ध करत न बसता तिच्याच बोलीत छापलंय. ओहोटीला चिखलात उतरायचं, बिळाचं एक तोंड पायाने दाबून धरायचं आणि दुसऱ्यात हात घालायचा, नाहीतर निवटी मागच्या दाराने पसार. मध्येच आजी म्हणते, आता हात घातला की आधी पिशवी येते हातात. भाचीने तेवढंच मोठ्याने वाचून दाखवलं. त्याच अंकात प्लास्टिकवर चार पानी लेख होता, तो तिने उलटलासुद्धा नाही. आगरी लग्नात धवला गाऊन विधी चालवणाऱ्या धवलारणीवरही लेख आहे, पण फोटो तीन आणि मजकूर अर्धं पान. तिला बोलतं करायला हवं होतं.

आंदोलनाच्या पानांवर मथळे फार ओरडतात. शिवाय 'तलाव वाचवा' म्हणून मोर्चा निघाला की दोन पानं भरतात, पण पुढे त्याचं काय झालं, हे पुढच्या अंकात शोधूनही सापडत नाही. याला अपवाद म्हणजे खारफुटीवर राडारोडा टाकलेला दिसला तर काय करायचं, हे सांगणारं पान. तारखेसकट फोटो घ्या, नेमकी जागा नोंदवा, मिळाला तर सर्व्हे नंबर काढा आणि तक्रार वनखात्याच्या कांदळवन (म्हणजे खारफुटी) कक्षाकडे लेखी करून पोच घ्या. उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालात खारफुटीभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातही बांधकामाला मनाई आहे, तेही तिथेच दिलंय. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी ते पान फोटोकॉपी करून नोटीस बोर्डावर लावलंय. एरवी त्या बोर्डावर फक्त थकबाकीदारांची नावं असतात.

चुका होतात, पण लपवत नाहीत. ठाणे खाडी २०१५ साली रामसर यादीत (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) आली, असं एकदा छापलं होतं. २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, रामसरचा दर्जा २०२२ चा. मी कळवलं, तर पुढच्या अंकात दुरुस्ती पहिल्याच पानावर, चौकटीत.

परीक्षा आल्या की अंक महिनाभर लांबतो. ते चालतं, पोरंच आहेत. पण रिसायकल केलेल्या तपकिरी कागदावर बारीक हिरवी शाई कुणाच्या डोक्यातून आली कोण जाणे! ट्यूबलाइटखाली मला ओळ लागत नाही.

आठवीच्या पुढच्या मुलांसाठी जरूर घ्या. त्याहून लहानांना जड जाईल. मी पुढच्या वर्षाची वर्गणी भरलीये आणि सोबत चिठ्ठी जोडलीये: काळी शाई वापरा रे बाबांनो.