108 आणि जनआरोग्य योजना : डोक्याला मार लागला तेव्हाचा आमचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात साताऱ्याजवळ धाकट्या भावाची गाडी घसरली, मी मागे बसलेले, मला नुसतं खरचटलं पण त्याचं डोकं डिव्हायडरवर आपटलं. हेल्मेट होतं, आरशाला अडकवलेलं.

आधी 108 च्या रुग्णवाहिकेबद्दल, पैकीच्या पैकी मार्क. लोक गोळा झाले पण हात लावायला कोणी तयार नाही, पोलिसांचं लचांड नको म्हणून. खरं तर 2019 च्या दुरुस्तीनंतर मदत करणाऱ्याला कायद्यानेच संरक्षण आहे, प्लीज हे घरात सगळ्यांना सांगा. शेवटी टपरीवाल्या काकांनी फोन लावला. गाडीत डॉक्टर असतो हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं, 2014 पासून ही सेवा चालू आहे तरी. त्यांनी आधी मानेला कॉलर, मग ऑक्सिजन, टॉर्च मारून बाहुल्या बघितल्या आणि सारखं चाललेलं, "दादा नाव सांगा, माझा हात दाबा." एक बाहुली मोठी झालीय म्हणाले आणि जवळच्या छोट्या दवाखान्यात न थांबता जिथे सीटी स्कॅन आणि न्यूरोसर्जन आहे तिथेच नेलं. मेंदूवर रक्त साचत होतं, रात्रीच ऑपरेशन झालं. एक पैसा घेतला नाही गाडीवाल्यांनी.

आता योजना. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत जुलै 2024 पासून कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, रेशनकार्ड कुठल्याही रंगाचं चालतं. पण रात्री हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं, टेबल रिकामं आणि काउंटरवर आधी 50 हजार भरा म्हणाले. आईने पाटल्या काढून रुमालात बांधल्या होत्या. मग कोणीतरी योजनेच्या हेल्पलाइनला, 155388 ला फोन करायला सांगितलं, इमर्जन्सीत आधी फोनवर कळवून उपचार सुरू करता येतात, कागद नंतर दिले तरी चालतात. सकाळी मंजुरी आली आणि पाटल्या आईच्या हातात परत गेल्या. रेशनकार्ड आणि आधारचा फोटो मोबाईलमध्ये ठेवाच, आमचं कार्ड गावाला कपाटात होतं. केंद्राची पण कॅशलेस योजना आलीय मे 2025 पासून, अपघातानंतर 7 दिवस, दीड लाखापर्यंत, पण डोक्याच्या पेशंटला 7 दिवस म्हणजे काहीच नाही हो, हा 11 दिवस आयसीयूतच होता.

आणि खरी तक्रार डिस्चार्जनंतरची आहे. जनआरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये घरी आल्यावर 10 दिवसांपर्यंतची औषधं आणि तपासणी, पुढे तुमचं तुम्ही. हा घरी आला तेव्हा ऑपरेशनमध्ये काढलेलं कवटीचं हाड पोटाच्या कातडीखाली ठेवलेलं, उजवा हात उचलत नव्हता, चहाला पंखा म्हणायचा आणि आम्हाला कळत नाही म्हणून चिडायचा, ताट भिरकावायचा. हा राग मेंदूच्या दुखापतीमुळे असतो हे आम्हाला कोणीही समजावून सांगितलं नाही, दोन महिने बाबा त्याच्याशी बोलत नव्हते. फिजिओला घरी यायचे 400 रुपये, स्पीच थेरपिस्ट तालुक्यात नाहीच. सरकार ऑपरेशनला लाखो रुपये देतं, मग त्या माणसाला परत बोलता चालता करायला निदान सहा महिने तरी द्यायला हवेत, जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून दोन दिवस जरी हे मिळालं तरी किती घरं सावरतील. जीव वाचवायला 5 स्टार, त्यानंतरच्या काळजीला 1 पण देववत नाही.

सध्या थेरपिस्टकडे महिन्यातून एकदा पुण्याला जातो, बाकी आई रोज दुपारी चौथीचं पुस्तक घेऊन त्याच्यासमोर बसते, चित्रावर बोट ठेवते आणि तो शब्द शोधत राहतो.