आठ महिने वापरलेले नवे मिनिएचर रंग: रंग उत्तम, नोझलने जीव खाल्ला

गेल्या आठवड्यात पांढऱ्याच्या बाटलीचं नोझल तुंबलं. बाटली जराशी दाबली, काही आलं नाही. आणखी दाबली तसं नोझल बुचासारखं उडालं आणि तीन-चार मिली पांढरा रंग समोरच्या घोडेस्वाराच्या छोट्या मूर्तीवर पडला. त्या एका मिनिएचरवर मी तीन आठवडे बसले होते. निळ्या झग्याच्या चुण्यांमध्ये गडद ते फिक्यापर्यंत पाच छटा पातळ पातळ चढवल्या होत्या, डोळ्यांतले ठिपकेसुद्धा देऊन झाले होते.

अ‍ॅक्रिलिक वाळायला वेळ लागत नाही, त्यामुळे विचार करायला फुरसत नव्हती. मोठा जुना ब्रश पाण्यात बुडवून पांढरा सैल करत गेले आणि टिश्यूच्या टोकाने टिपत गेले. घासायचं नाही, नुसतं टेकवायचं आणि उचलायचं. खालचे थर पुरते वाळलेले होते म्हणून निळा वाचला. पण घोड्याच्या आयाळीच्या खाचांमध्ये आणि खोगिराखाली जे शिरलं ते तिथेच वाळलं. स्पिरिट लावलं असतं तर पांढऱ्याबरोबर खालचं सगळं काम विरघळून निघालं असतं, त्यामुळे तो मार्ग बंद होता.

या रंगांबद्दल लिहायचं मी बरेच दिवस पुढे ढकलत होते, कारण दर दोन महिन्यांनी माझं मत बदलत होतं. आता राग ताजा आहे, पण रंगांवर अन्याय होणार नाही एवढं सांभाळून लिहिते.

मी आधी २४ चा संच घेतला, नंतर १२ सुट्या बाटल्या. १८ मिलीची ड्रॉपर बाटली, आत रंग ढवळायला स्टीलची गोळी, लेबलवर रंगद्रव्याचा क्रमांक, प्रत्येक रंगाच्या गडद ते फिकट अशा छटा, असा यांचा मामला. २०१९ साली सिटाडेल कंपनीचे कॉन्ट्रास्ट रंग आल्यापासून एका हातात सावली आणि उजेड दोन्ही देणाऱ्या रंगांची चलती आहे. हे तसे नाहीत. हे जुन्या पद्धतीचे झाकणारे रंग आहेत, थरावर थर चढवणाऱ्यांसाठी. आठ महिन्यांत सत्तरेक मिनिएचर यांच्यावर झाली, बहुतेक २८ मिलिमीटरची.

पिवळ्याबद्दल आधी सांगते, कारण त्याच्यामुळेच मी उरलेल्या बाटल्या घेतल्या. काळ्या प्रायमरवर, म्हणजे अस्तराच्या रंगावर, पिवळा चढवणं म्हणजे काय शिक्षा असते ते रंगवणाऱ्यालाच कळतं. नेहमीचे बरेचसे पिवळे सेंद्रिय रंगद्रव्याचे असतात. दिसायला झळझळीत, पण पारदर्शक. पाच-सहा हात मारा, तरी खालून हिरवट काळा डोकावतोच, आणि तोवर चिलखतावरची बारीक नक्षी भरून गेलेली असते. या संचातल्या पिवळ्यावर पीवाय १८४ छापलंय, म्हणजे बिस्मथ व्हॅनडेट. हे रंगद्रव्य मुळातच अपारदर्शक. पहिला हात थोडा ढगाळ आला, दुसऱ्याला काळं गायब. मी दिव्याखाली ढाल फिरवून फिरवून पाहिली. खिळ्यांची डोकी शाबूत होती, कडा धारदार होत्या. इतकी वर्षं मी पिवळ्या झेंड्याची सेना रंगवायची टाळत आले होते. त्या रात्री ढालींची अख्खी रांग करून टाकली.

लालही चांगला. निळे आणि हिरवे ठीक, त्यात नवल काही नाही. त्वचेच्या छटा जरा गुलाबीकडे झुकतात, मी त्यात थोडा गेरूसारखा तपकिरी मिसळते. धातूचे रंग मी घेतले नाहीत.

दुसऱ्या महिन्यात मात्र मी वैतागले होते. माझ्या वहीतली तेव्हाची नोंद अशी: “चकाकतात. मॅट म्हणून विकलेत आणि वाळल्यावर प्लास्टिकसारखे चमकतात. परत घेणार नाही.” ती नोंद चुकीची होती, हे मला चौथ्या महिन्यात कळलं. एकाच बाटलीतून एका दिवशी मॅट आणि दुसऱ्या दिवशी चकचकीत रंग येतोय हे लक्षात आल्यावर मी दोन पट्ट्या रंगवून पाहिल्या. एक बाटली दहा सेकंद हलवून, दुसरी दोन मिनिटं आपटून-हलवून. दुसरी पट्टी खडूसारखी मॅट. रंगातली चमक मारणारी भुकटीही रंगद्रव्यासारखी तळाशी बसते. ती वर आलीच नाही तर आपण नुसतं चकचकीत बाइंडर, म्हणजे रंगद्रव्य धरून ठेवणारा द्रव, लावत असतो. तेव्हा ती नोंद मी खोडली, रंगांना मनोमन नऊ गुण दिले आणि नोझलकडे वळले.

आता मुख्य गोष्ट. बाटली तुम्ही कितीही हलवा, नोझलच्या बारीक नळीत अडकलेली निवळ हलत नाही. गोळी तिथवर पोचत नाही. त्यामुळे पॅलेटवर पहिला थेंब पडतो तो पाणचट आणि दुधी, दुसरा अर्धवट, तिसऱ्यापासून रंग. ते पहिले दोन थेंब वापरले तर चमक परत येते, म्हणून मी ते टिपून टाकत होते. मला रंग टाकून देववत नाही. वेट पॅलेटवर, म्हणजे रंग ओला ठेवणाऱ्या ताटलीवर, उरलेला रंगसुद्धा मी मूर्तीखालच्या बेसच्या मातीला लावून संपवते. म्हणून एक दिवस हिशेब मांडला. एका मिलीचे साधारण २० थेंब, म्हणजे बाटलीत ३६०. पांढरा मी जवळपास प्रत्येक बैठकीत उघडते, शंभरेक वेळा तरी. दर वेळी दोन थेंब धरले तर दोनशे थेंब, म्हणजे १० मिली. अर्ध्याहून जास्त बाटली टिश्यूवर! पहिली बाटली एवढ्या लवकर कशी संपली याचा उलगडा तेव्हा झाला.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. आपण टाकतो ती निवळ म्हणजे त्या रंगाचं बाइंडर आणि पाणी. ते दर वेळी थोडं थोडं कमी झालं की आत उरलेला रंग घट्ट होत जातो, आणि घट्ट रंग त्याच बारीक नळीत लवकर वाळतो. पांढऱ्यात हे सगळ्यात आधी होतं, कारण टायटॅनियम डायऑक्साइड पाण्याच्या चौपट जड. काळ्यातलं कार्बनचं रंगद्रव्य हलकं असतं. माझं काळ्याचं नोझल आठ महिन्यांत एकदाही तुंबलं नाही, पांढऱ्याचं अकरा वेळा. मी वहीत खुणा केल्यात.

त्यात या नोझलची कॉलर आखूड आहे, बाटलीच्या गळ्यात जेमतेम बसते. तुंबलं की दाब वाढतो आणि ते उडतं. माझ्याकडच्या व्हॅलेहो कंपनीच्या जुन्या बाटल्यांची नोझल काढायला पक्कड लागते. इथे अंगठ्याने निघतं.

कंपनीला पाचव्या महिन्यातच लिहिलं होतं. पहिलं उत्तर आलं की बाटली नीट हलवा. मी फोटो पाठवले. मग बॅच क्रमांक मागितला, तो पाठवला. मग पुन्हा हलवण्याच्या सूचना, या वेळी चित्रांसह. मी दोन पट्ट्यांची चाचणी, थेंबांचा हिशेब, अकरा खुणा, सगळं सविस्तर लिहून पाठवलं, आणि घोडेस्वाराचा फोटो जोडला. त्या चौथ्या मेलनंतर मात्र भाषा बदलली. सहा नवी नोझल पाकिटातून आली. नळी थोडी रुंद आणि कॉलर लांब. म्हणजे दोष त्यांना ठाऊक होता, दुरुस्तीही तयार होती, मग हलवायची चित्रं मला कशासाठी पाठवली? सांडलेल्या रंगाबद्दल अवाक्षर नाही. बदली पांढरी बाटली मागितली, त्यावर अजून उत्तर नाही.

नवं नोझल पांढऱ्याला बसवलंय. सहा दिवसांत तुंबलेलं नाही, पण सहा दिवस म्हणजे काहीच नव्हे.

जुनी नोझल ज्यांच्याकडे आहेत त्यांना माझा उपाय सांगते. बाटली उभी धरून, झाकण काढून, हलकेच दाबायची म्हणजे थोडी हवा जाते. मग बोटं सैल सोडली की बाटली हवा आत ओढते आणि नळीतली निवळ परत खाली उतरते. नंतर झाकण लावून दोन मिनिटं हलवायची. काम झाल्यावर हेच पुन्हा, म्हणजे नळी रिकामी राहते. टोक ओल्या बोटाने पुसून मगच झाकण. तुंबलंच तर दाबू नका. नोझल काढून गरम पाण्यात टाका, वाळलेला रंग सालीसारखा अखंड निघतो. टाचणीने टोचलं तर गुठळी आत ढकलली जाते आणि पुढच्या वेळी तीच आडवी येते. टाचणी आत ठेवून देणं तर नकोच, गंजते.

एवढं केल्यापासून, घोडेस्वारावर सांडलेला रंग सोडला तर, माझा एकही थेंब वाया गेलेला नाही. पण ही अक्कल मला सातव्या महिन्यात सुचली, आणि ती बाटलीवर दोन ओळींत छापता आली असती.

घ्यायचे का? पिवळा आणि लाल डोळे मिटून घ्या, पूर्ण संच नको. बाटली हातात आली की आधी अंगठ्याने नोझल ढकलून पाहा, सहज हललं तर लगेच कंपनीला फोटो पाठवा आणि हलवायच्या सूचना आल्या तरी चिकाटी सोडू नका. पांढरा मी यांचा पुन्हा घेणार नाही, तो झाकणाच्या डबीतलाच बरा, ब्रशच्या दांड्याने तळापासून ढवळता तरी येतो. पिवळ्याची दुसरी बाटली मागवली आहे.

घोडेस्वाराची आयाळ मी काल पुन्हा तपकिरी केली. खोगिराखालचा पांढरा सुईने खरवडून निघाला नाही, तिथे अजून रेषा दिसते.