ज्यूसचा चोथा: थालीपीठ, खड्डा की बकरी?

घरी ज्यूसर आला की पहिल्याच हप्त्यात हा प्रश्न उभा राहतो, रस निघतो गिलासभर आणि चोथा उरतो गंजभर, म्हणजे पातेलंभर. आमच्या वरूड पट्ट्यात आंबिया बहार असो की मृग बहार, चुरी म्हणजे बारीक संत्री घरात पोत्यानं पडून असतात, त्यात हिवाळ्यात गाजर, बीट, आवळा, म्हणजे चोथ्याला तोटाच नाही. थालीपीठ, खताचा खड्डा आणि बकरी, तिन्ही मार्ग मी वापरून बघितलेत, तिन्हीत दम आहे, पण निवडताना ज्यानं फरक पडला ते सांगतो.

आधी स्वयंपाकघर. गाजर-बीटचा चोथा ज्वारीच्या पिठात, थोडं बेसन, तीळ, ओवा घालून थालीपीठ करा, फारच छान होतं, फक्त पाणी जपून घाला, चोथ्यातच ओल असते. गाजराचा बहुतेक तंतू आणि रंगाचा बराच भाग चोथ्यातच राहतो, त्यामुळं तो फेकताना जिवावर येतं हे खरंच आहे. आवळ्याचा चोथा तर फेकूच नका, मीठ-जिरं लावून उन्हात वाळवला की जेवणानंतर तोंडात टाकायला सुपारी तयार. पण संत्र्याचं तसं नाही. रस काढल्या काढल्या चोथा चाखला तर बरा लागतो, थोडा वेळ ठेवला की कडू, कारण बिया आणि आतल्या पांढऱ्या पापुद्र्यातून लिमोनिन नावाचं कडू द्रव्य हळूहळू तयार होत जातं. आणि आमच्याकडं सगळ्यात जास्त निघतो तो संत्र्याचाच.

आता ज्या गोष्टीनं माझा निकाल लावला ती, चोथा थांबत नाही. रस निघतो सकाळी वावरात जायच्या आधी, तोवर भाजी-भाकर झालेली असते, थालीपिठाचा नंबर लागणार रात्री. मधल्या वेळात लाईट गेली की फ्रिज नुसतं कपाट, आणि मार्चनंतर दुपारपर्यंत चोथ्याला आंबूस वास सुटतो. मग चिलटं. गंजावरची ताटली सरकवली की भुर्रकन उठतात, कणकेवर बसतात, चहाच्या कपात पडतात, लहान पोराच्या नाकाशी घोंगावतात, आणि चोथा टाकून गंज घासला तरी दोन-चार दिवस मोरीजवळून हटत नाहीत. ज्याच्या घरात हे झालं त्यालाच याचा वैताग कळतो, आमच्या घरी तर आईनं ज्यूसरच माळ्यावर टाकायची गोष्ट काढली होती.

खड्ड्याचं खत चांगलं होतं यात वाद नाही. एक घमेलं चोथा, दोन घमेली वाळला पालापाचोळा, वरून शेण-माती, एवढं जमलं की वास येत नाही. नुसता चोथा ओतला तर मात्र चिखल होतो आणि सडतो. काही जण कुटार, म्हणजे भुसा टाका म्हणतात, पण राजेहो, उन्हाळ्यात तुरीचं कुटार ढोरांना पुरत नाही, ते खड्ड्यात कोण घालणार? गांडुळांचा बेड असंल तर संत्र्याचा चोथा आणि सालं त्यात फार टाकू नका, गांडुळांना ते मानवत नाही, आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा ३५ च्या वर तगमगणारी गांडुळं सांभाळायला सावली आणि ओलं बारदान रोज बघावं लागतं. ज्यांच्याकडं विहिरीला पाणी आहे त्यांना जमंल. सालांचं बायोएन्झाइम, म्हणजे आंबवलेलं सफाईचं पाणीही होतं, १ भाग गूळ, ३ भाग सालं, १० भाग पाणी, ३ महिने ठेवायचं, फरशी पुसायला चांगलं, पण रोजचा चोथा त्यानं संपत नाही.

राहिली बकरी. मला विचाराल तर माझा कल इकडंच आहे. रस गाळला, चोथा कुटारात कालवला, पुढं ठेवला, विषय संपला, चिलटांना वेळच मिळत नाही. बीटचा चोथा खाल्ला की बकरीचे ओठ, हनुवटीचे केस लालजर्द होतात, पाहुणे घाबरून विचारतात काय लागलं म्हणून. ही काही जगावेगळी गोष्ट नाही, ब्राझील-फ्लोरिडात ज्यूस कारखान्यांतला संत्र्याचा चोथा वाळवून जनावरांनाच घालतात. दूध वाढतं असं मी म्हणणार नाही, मोजलेलं नाही, पण खातात आवडीनं.

फक्त पथ्यं पाळा. एका बकरीला मूठ-दोन मुठीच, तेही सवय लावत लावत, एकदम गोड-आंबट जास्त गेलं तर पोटात आम्ल वाढून जनावर लोळतं, चारा सोडतं. आंबलेला, बुरशी आलेला चोथा नको. मीठ-मसाला घालून रस केला असंल तर नको. फवारा मारलेली संत्री सालीसकट पिळू नका. आणि दुधीचा रस करत असाल तर आधी तुकडा चाखा, कडू लागला तर तो रस माणसानं प्यायचा नाही आणि चोथाही जनावराला घालायचा नाही, कडू दुधी विषारी असतो.

घरी बकरी नसंल तर शेजारी विचारा, पण चोथ्यात काय काय आहे ते सांगूनच द्या. तेही जमत नसंल तर खड्डाच करा, फक्त तो वावरात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर नको, मागच्या दाराजवळ, म्हणजे रस गाळला की गंज तसाच उचलून रिकामा करता येतो.