स्तन काढल्यानंतरचा सिलिकॉन फॉर्म: पैसे कुठे वसूल होतात, कुठे वाया जातात

सिलिकॉन फॉर्म म्हणजे ब्रात घालायचा कृत्रिम स्तन. शस्त्रक्रियेनंतर लगेच त्याच्या खरेदीची घाई नको. ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी) निघून जखम भरायला साधारण 6 ते 8 आठवडे लागतात. रेडिएशन असेल तर त्वचा शांत होईपर्यंत आणखी थांबा. तोवर सुती, हलका फॉर्म पुरतो, आणि तो बराच स्वस्त पडतो.

सिलिकॉनची खरी कमाई वजनात आहे. एका बाजूचा भार गेला की ब्रा वर सरकते, खांदा-मान अवघडते. म्हणून नुसत्या कप साइझवर जाऊ नका. घालून पुढे वाका, हात वर करा. जागा सोडली तर माप चुकलं. आतून खिसा शिवलेली ब्रा नसेल तर महागडा फॉर्मही घसरणारच. (साध्या ब्रालाही शिंपी सुती कापडाचा खिसा लावून देतो.) हाताला सूज असेल तर हलका प्रकार आणि रुंद पट्टे घ्या.

मुंबईच्या उकाड्यात फॉर्मची त्वचेला टेकणारी मागची बाजू चिकचिकते. रोज सौम्य साबणाने धुऊन, टिपून, डब्यातल्या साच्यातच ठेवा. साडीची पिन टोचली की जेल गळतं, मग फॉर्म बदलावाच लागतो. बऱ्याच कंपन्या 2 वर्षांची हमी देतात, पण टोचल्याचं नुकसान सहसा त्यात धरत नाहीत. बिल घेण्याआधी तेवढं विचारा.