शेजारचे धर्मग्राम: एकच फादर की फादरांची टीम?

फादर कमी पडले की बिशपांसमोर दोन वाटा असतात. दोन्ही १९८३ च्या चर्चसंहितेत (कॅथलिक चर्चच्या कायद्यात) आहेत. कलम ५२६ प्रमाणे शेजारचे दोन-तीन धर्मग्राम (एकेका चर्चच्या हद्दीतले भाविकसमूह) एकाच प्रमुख धर्मगुरूकडे देता येतात. कलम ५१७ प्रमाणे तेच धर्मग्राम अनेक फादरांवर मिळून सोपवता येतात. त्यांतला एक समन्वयक, बिशपांना उत्तर देणारा.

पहिल्यात जबाबदार कोण, हे स्पष्ट असतं. पण गरज पडली तरी रविवारी एका फादरला जास्तीत जास्त तीनच मिस्सा, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासना (कलम ९०५). वडोदऱ्यात त्या गुजराती-इंग्रजीतच संपल्या, तर वसईहून नोकरीसाठी आलेल्या घरांना मराठी मिस्सा कधी मिळणार? आणि आयसीयूतल्या आजीला रात्री दोन वाजता तैलाभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार) हवं असेल तेव्हा फादर दुसऱ्या टोकाला असतात.

मला टीमच पटते. तिथे प्रत्येक फादरला सगळ्या धर्मग्रामांत लग्न लावण्याचा अधिकार असतो, त्यामुळे मराठी येणारे एक फादर तिन्हीकडच्या कुटुंबांचे होतात. मात्र फादरांचं आपसांत जमलं पाहिजे, आणि रात्री फोन कोण उचलणार ते चर्चच्या फलकावर लिहिलेलं हवंच.